लागला की सरला?

तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच सुखानं नांदत होतं. बाकी सगळे तिला सरलाताई म्हणायचे. गंमत अशी, की सरला हे तिचं नावच नव्हे. तो तिच्या प्रश्नाचा उत्तरार्ध होता.

सहा खाटांचं छोटं प्रसूतिगृह. आत शिरलं की डाव्या हाताला हिरवा पडदा, पडद्यामागे नोंदणीचं टेबल, टेबलावर रक्तदाबाचं यंत्र, कापडी टेप, बाळंतपणाची तारीख काढायची पुठ्ठ्याची एक गोल चकती, आणि या सगळ्यामागे बसलेली ही सिस्टर. सव्वीस वर्षं त्याच जागी. खुर्च्या तीन बदलल्या, पण ढब तीच: एक पाय दुमडलेला, चष्मा कपाळावर, पेन कानावर. आणि मग "माझं पेन कुठंय? कुणी नेलं माझं पेन?" म्हणून अख्ख्या दवाखान्याची झडती.

बाई आत आली की ही विचारायची, "कितवा?"

"पाचवा."

"लागला की सरलाऽ?"

हे ती बोलत नसे, गात असे. 'लागला' आखूड, कात्रीनं कापल्यासारखं. 'की' गिळलेला. आणि 'सरलाऽ' चांगलं ताणून, शेवटी भुवई वर. पडद्याबाहेरच्या बाकावर बसलेल्या बायकांना त्यातलं फक्त शेवटचं ऐकू जायचं. त्यांना वाटायचं, सिस्टर आपली ओळख करून देतायत. "सरलाताई, येऊ का आत?" असं पहिल्यांदा कोण म्हणालं, ते आता कुणाला आठवत नाही. दोन वर्षं हिनं नेटानं दुरुस्ती केली. मग एक दिवस खुद्द डॉक्टरीणबाईच "सरला, जरा इकडे या हो" म्हणाल्या, तेव्हा हिनं हात टेकले.

प्रश्न मात्र गमतीचा नव्हता. पाचवा लागला म्हणजे चार महिने पूर्ण, पाचवा चालू. पाचवा सरला म्हणजे पाच पूर्ण. बायका दोन्ही वेळेला म्हणतात 'पाचवा'च, आणि मधे गडप होतो एक आख्खा महिना. जी बाई दुसऱ्या महिन्यात येऊन नाव घालते, तिचं काही अडत नाही; तिची तारीख तेव्हाच पक्की होते. जी आठव्यात उगवते, तिच्या बाळाचं वय कुणालाच ठाऊक नसतं. ना आईला, ना डॉक्टरला, ना चकतीला.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी अशीच एक उशिरा आलेली बाई. पाणी गेलेलं, हातात एकही कागद नाही. हिनं विचारलं कितवा, ती म्हणाली आठवा, हिनं लिहिलं आठवा. सगळ्यांनी धरलं की सरला. तो नुकता लागला होता. बाळ दोन दिवस राहिलं. त्या बाईनं कुणाला बोल लावला नाही, उलट घरी जाताना हिचा हात धरून म्हणाली, "तुम्ही फार दमलात हो." ते 'दमलात हो' हिच्या कानात आजही तसंच्या तसं आहे, तिच्याच आवाजात. त्या दिवसापासून हा प्रश्न. मग त्यावरून नाव पडो, नकला होवोत, काहीही होवो.

आणि नकला व्हायच्याच. सफाईवाली मावशी तर झाडू मायक्रोफोनसारखा धरून "लागला की सरलाऽ" करायची आणि हिच्यासमोरच करायची.

त्या सकाळी काजवाली आली तेव्हा दवाखान्यात नुकती फरशी पुसून झाली होती. काजवाली म्हणजे दहा मिनिटांवरच्या कपड्यांच्या कारखान्यात शर्टाला काज पाडणारी. दुसरं बाळंतपण. बरोबर सासूबाई. या सासूबाईंच्या प्रत्येक वाक्याला 'हो की नाही?'चं शेपूट असायचं आणि उत्तराला टाचणीएवढीही जागा नसायची.

"काही झालेलं नाहीये हो हिला. डोकं दुखतं म्हणते. डोकं काय, सगळ्यांचंच दुखतं, हो की नाही? पहिल्याच्या वेळी एकदासुद्धा दवाखाना दाखवला नव्हता. झाला की नाही टुणटुणीत? म्हटलं या वेळी तरी कशाला उगीच सुया टोचून घ्यायच्या, हो की नाही?"

"मावशी, बसा," सरलाताई म्हणाली.

"मावशी कुणाला म्हणता? आपण दोघी एका वर्गात असू!"

"मग बाकावर बसा, वर्गातल्यासारख्या. आणि तू गं? तुला काय होतंय?"

काजवाली खुर्चीत बसली ती एकदम, धपकन. पाय सुजून चपलेच्या पट्ट्यांबाहेर आले होते. "ताई, डोळ्यांपुढे काजवे चमकतात."

"काजवालीच्या डोळ्यांपुढे काजवेच चमकणार," सासूबाई म्हणाल्या आणि आपल्याच विनोदाला हसल्या. सरलाताईनं दंडाला पट्टा बांधला. फुगा दाबला, सोडला. पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. मग तिनं पेन कानावरून काढलं, आणि ते शोधलं नाही, थेट काढलं. दवाखान्यातल्यांना एवढ्यावरून कळायचं की काहीतरी आहे.

एकशे साठ. खाली एकशे दहा.

"आज कशी आलीस? डोकं काय आज दुखायला लागलेलं नाही."

काजवालीनं मान खाली घातली. "काल एक काज तिरकं गेलं."

"काय गेलं?"

"काज. नऊ वर्षांत माझं एक काज तिरकं गेलेलं नाही, ताई. मास्तर म्हणतात, पट्टी लावून बघा, हिच्या काजाची रेघ हलत नाही. आणि काल गेलं. मला रेघच दोन-दोन दिसायला लागल्या." तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते डोकेदुखीचं नव्हतं, त्या तिरक्या काजाचं होतं. "तेव्हा म्हटलं, आता दाखवायला हवं."

"आणि इतके दिवस?"

इतके दिवस तिनं लपवलं होतं. कारखान्यात पोट दिसलं की मास्तर मशीनवरून उठवून धागे कापायला बसवायचे. काळजी म्हणून, असं त्यांचं म्हणणं. काजवालीला धागे कापणं म्हणजे गवयाला सतरंज्या घालायला सांगितल्यासारखं होतं. म्हणून ती सैल झगे घालून, मशीनला पोट टेकवून, सुजलेल्या पायानं पायडल दाबत राहिली. ना रक्त तपासलं, ना गोळ्या घेतल्या, ना एकदा रक्तदाब बघितला. नाव घातलं असतं तर हा रक्तदाब चढायला लागला तेव्हाच सापडला असता.

"कितवा?"

"आठवा," काजवाली म्हणाली.

"आठवा," सासूबाईही म्हणाल्या. दोघींचं एकमत. असं क्वचित व्हायचं, म्हणून दोघींनी एकमेकींकडे कौतुकानं बघितलं.

"लागला की सरलाऽ?"

"लागला," सून म्हणाली.

"सरला," सासू म्हणाली.

कौतुक तिथंच संपलं.

"अगं, सरला!" सासूबाई उसळल्या. "तू मला त्या दिवशी काय म्हणालीस? आई, चौथा. त्याला चार महिने झाले. चार आणि चार आठ. हो की नाही?"

"आई, मी म्हणाले चौथा... म्हणजे चौथा लागला होता."

"मग तसं म्हणायचं!"

"तुम्ही विचारलंच नाही!"

"माझ्या डोक्यात चौथा म्हणजे चौथा!"

"ताई," काजवालीनं घाबरून सरलाताईकडे बघितलं, "आई म्हणतायत तर सरलाही असेल. आता माझंच मला काही कळेनासं झालंय."

"शेवटची पाळी कधी आली होती? तारीख?"

"तारखा कोण लक्षात ठेवतं, ताई?"

डॉक्टरीणबाई आल्या. या अर्धे शब्द खायच्या आणि उरलेले पळवायच्या. "बीपी परत घ्या, लघ्वी बघा, पाय दाखव, डोळे दाखव, आधी का नाही आलीस, बोलू नकोस, झोप." लघवीत प्रथिनं निघाली. सोनोग्राफीचं मशीन लावून पोटातलं बाळ बघितलं, तर मापानं एकोणतीस आठवड्यांचं. आणि इथंच घोडं अडलं. पहिल्या तीन महिन्यांत हे मशीन बाळाचं वय चार-पाच दिवसांच्या फरकानं सांगतं. आठव्यात तेच मशीन तीन-तीन आठवडे इकडे तिकडे चुकतं. शिवाय आईचा रक्तदाब चढला की बाळाला पोषण कमी मिळतं. बाळ वयानं लहान होतं, की वय होऊनही उपाशी राहून लहान राहिलं होतं?

डॉक्टरीणबाईंनी सरलाताईला बाजूला घेतलं. या वेळी शब्द पूर्ण होते. "आठवा सरला असेल तर ते उपाशी बाळ आहे. इथंच बाहेर काढते, आत्ता. मोठ्या रुग्णालयापर्यंत गाडीत दोन तास, वाटेत हिला फिटचा झटका आला तर? पण नुकता लागला असेल तर हे बाळ इथं श्वास घेणार नाही. आपल्याकडे काचेची पेटी नाही. मग आधी फुप्फुसांसाठी इंजेक्शन द्यायचं, आणि न्यायचंच."

"किती वेळ आहे?"

"झटका येऊ नये म्हणून इंजेक्शन देते, बीपी खाली आणते. अर्धा तास. मग मी ठरवणार, कळो न कळो."

सरलाताई परत काजवालीजवळ गेली. सलाईन लागली होती, खोलीत अंधार केला होता. ती स्टुलावर बसली आणि पहिल्यांदाच तिनं तो प्रश्न विचारला नाही.

"ऐक माझे राणी. तारीख राहू दे. पाळी आली तेव्हा कुठलं काम चालू होतं?"

काजवाली डोळे मिटून पडली होती. मग ओठ हलले. "पांढरं. पांढऱ्या कोटांचा लॉट होता. मला नेमकी तेव्हाच आली. जिवाची धाकधूक, डाग पडला तर? मास्तरांना म्हटलं, आज मला काळा माल द्या. ते म्हणाले, काळा माल काय माझ्या खिशात आहे? मग दिवसभर काळं फडकं मांडीवर घेऊन बसले."

"तो लॉट कधी होता?"

"पट्टीवर असेल."

"कुठली पट्टी?"

काजवालीचा आवाज एवढ्या दुखण्यातही जरा ताठ झाला. "दर सोमवारी मशीनला तेल देते. मग एक काज पाडून बघते, त्या आठवड्याच्या धाग्यानं. पट्टीवर. आठवड्याला एक. मशीनच्या बाजूला टाचलेली आहे. ती फक्त माझी आहे, दुसरं कुणी नाही करत."

सरलाताई उठली. सव्वीस वर्षांत तिला कुणी पळताना बघितलं नव्हतं. पळताना ती कशी दिसते ते सफाईवाली मावशी पुढे महिनाभर करून दाखवत होती: एक हात चष्म्यावर, एक हात पोटावर, आणि कानावरचं पेन सांडू नये म्हणून मान वाकडी.

कारखान्याचा हॉल लांबट होता. दोन्ही बाजूंनी मशीनच्या रांगा, वर नळकांडी दिवे, हवेत कापडाची पूड. चाळीस मशीन एकदम चालू, त्यामुळे सगळे एकमेकांशी ओरडून बोलायचे, आणि मास्तर तर शांततेतही ओरडूनच बोलायचे.

"पट्टी? कसली पट्टी? मशीनची वस्तू बाहेर जात नाही, बाई!"

"तुमची काजवाली दवाखान्यात आहे. गरोदर, आठवा महिना."

मास्तरांचं तोंड उघडंच राहिलं. "ती? तिला कुठं पोट होतं?"

"होतं. तुमच्या भीतीनं मशीनमागे लपलेलं. तुम्ही पोटवाल्या बायकांना मशीनवरून उठवता, म्हणून त्या पोट लपवतात, म्हणून दवाखान्यात येत नाहीत. आज तुमची सगळ्यात चांगली कारागीर अंधाऱ्या खोलीत सलाईन लावून पडलीय. पट्टी देताय का मशीनच उचलून नेऊ?"

जवळची चार-पाच मशीनं थांबली होती. कॉलर लावणारी एक पोरगेली बाई दोन्ही हात कापडावर तसेच ठेवून टक लावून बघत होती. मास्तर काजाच्या मशीनकडे गेले, टाचण्या काढल्या आणि पट्टीची गुंडाळी हिच्या हातात दिली. मग खालच्या आवाजात, म्हणजे त्यांच्या मानानं खालच्या, ओरडले, "तिला म्हणावं, तिरक्या काजाचं मी मनावर घेतलेलं नाही!"

पट्टी दीड हात लांब होती. सरलाताईनं ती काजवालीच्या अंथरुणावर पसरली. दोन बोटं रुंद मांजरपाट, त्यावर एकाखाली एक काजांची ओळ. निळी, करडी, तपकिरी, हिरवी. एकसारखी लांबी, एकसारखा टाका, मधली चीर अशी सरळ की फूटपट्टी धरून आखावी. सरलाताईनं शंभर शिवणाऱ्या बघितल्या होत्या, पण ती क्षणभर बघतच राहिली.

"काय सुंदर आहे गं हे!"

"ताई, मोजा," काजवाली म्हणाली. पण गालावर लाली आलीच.

पांढरं काज एकच होतं. त्याच्या खाली बोट ठेवून सरलाताई मोजू लागली. सासूबाईही पुढे वाकल्या, त्यांचं 'हो की नाही' कधी नव्हे ते गप्प. सातव्यावर काजवालीनं थांबवलं. "हा राखाडी. याच्या वासानं मला पहिल्यांदा ओकारी आली." सतराव्यावर पुन्हा: "हा तपकिरी. याच आठवड्यात पोटात फडफडलं. मला वाटलं मशीनच थरथरतंय. मशीन बंद केलं तरी फडफडतंय!" आणि बाविसाव्यानंतर: "इथं मधे एक आठवडा मोटर जळली होती. तो सोमवार यात नाहीये."

तीस काजं. आणि जळलेल्या मोटरीचा एक आठवडा.

सरलाताईनं चकती फिरवली. ओकारीचं जुळलं, फडफडीचं जुळलं, सगळं एकाच रेघेवर येऊन बसलं. काजवालीच्या काजासारखं.

"एकतीस," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "आठवा लागलाय. सरलेला नाही. खात्री आहे."

डॉक्टरीणबाईंनी पट्टीकडे बघितलं, हिच्याकडे बघितलं. "फुप्फुसांचं इंजेक्शन काढा. गाडी बोलवा. मोठ्या रुग्णालयाला मी कळवते. सरला, तुम्ही बरोबर जा."

गाडीत सासूबाई सुनेचे सुजलेले पाय मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी सरलाताईला हळूच विचारलं, "मी सरला म्हणाले, तेच धरलं असतं तर?"

सरलाताईच्या कानात एक जुना आवाज 'दमलात हो' म्हणाला. "धरलं नाही ना," ती म्हणाली. "आता तिचा हात धरा."

दोन तासांत झटका आला नाही. मोठ्या रुग्णालयात दुसरं इंजेक्शन वेळेवर मिळालं, औषधांनी रक्तदाब सोळा दिवस धरून ठेवला. त्या सोळा दिवसांतला प्रत्येक दिवस बाळानं आत राहून कमावला. सतराव्या दिवशी रक्तदाब ऐकेना, तेव्हा पोट उघडून मुलगी बाहेर काढली. एक किलो सहाशे ग्रॅम. रडली. बारीक, मांजरीच्या पिल्लासारखं, पण स्वतःच्या श्वासानं रडली. मग पंचवीस दिवस काचेच्या पेटीत. वेळेत नाव घातलं असतं तर हे पंचवीस दिवस कदाचित टळले असते, असं काजवाली स्वतःच सांगायची, पुढे ज्याला त्याला, न विचारता.

तीन महिन्यांनी ती वजन करायला आली. मुलगी चार किलोच्या पुढे गेली होती आणि वजनकाट्यावर असं बोंबलत होती की सफाईवाली मावशी म्हणाली, "ही मास्तरांवर गेली." सासूबाई बरोबर होत्या. त्यांनी बाकावरच्या एका अनोळखी गरोदर बाईला गाठलं होतं आणि आत ऐकू येत होतं: "चौथा? चौथा काय? लागला की सरला? नीट सांगावं माणसानं, हो की नाही?"

"अजून एक आणलीय, ताई," काजवाली म्हणाली. तिच्या मागून ती कॉलरवाली आत आली. बुजलेली, हातात काहीतरी गुंडाळलेलं. कारखान्यात आता प्रत्येक मशीनला पट्टी होती. ही मास्तरांनी स्वतःची कल्पना म्हणून लावली होती आणि तसं ओरडून सांगत होते. आणि दवाखान्याचा कागद दाखवला की मशीन जात नव्हतं, उलट पायाखाली ठेवायला लाकडी पाट मिळत होता. तो पाट काजवालीनं भांडून मिळवला होता.

सरलाताईनं चष्मा डोळ्यांवर ओढला. "कितवा?"

"दुसरा लागला," कॉलरवाली एका दमात म्हणाली. "सरला नाही. पाच आठवडे आणि दोन दिवस. पट्टी आणलीय."

सरलाताईचं तोंड पुढच्या प्रश्नासाठी उघडलेलं होतं, ते तसंच राहिलं. भुवई वर गेलेली, तीही तशीच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचा प्रश्न कुणी वाटेतच हिसकावून घेतला होता.

"माझं काम काढून घेतलंस की गं," ती म्हणाली. मग बराच वेळ इकडेतिकडे पेन शोधत राहिली. ते कानावरच होतं, पण काजवालीनं सांगितलं नाही. ताईंना जरा वेळ हवा होता.

शेवटी कार्डावर तारीख पडली. पहिल्याच भेटीत, शाईनं, खाडाखोड न करता. कॉलरवालीनं कार्ड दोन्ही हातांनी घेतलं आणि भीत भीत विचारलं, "पुढच्या वेळी कुणाला विचारू? तुमचं नाव सरलाच ना?"

काजवाली हसू दाबून सरलाताईकडे बघत होती.

ती खुर्चीत ताठ बसली. "हो," ती म्हणाली. "सरलाच."